लेस्टरच्या वाळवणासंबंधी तीर्थरूप आजींस सविनय निवेदन

मुक्काम लेस्टर, इंग्लंड. माघ महिना.

तीर्थरूप आजी, मुक्काम तासगाव, जिल्हा सांगली, यांच्या चरणी लेस्टरस्थ कुटुंबाचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बागेतून किंवा शेतातून आलेल्या वस्तूतील पाणी इतके कमी करायचे की तिच्यावर वाढू पाहणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना जगण्यापुरतेही उरू नये, पण पुढे तीच वस्तू कढईत पडली की ती मुळात कोणती भाजी होती हे खाणाऱ्याला ओळखता यावे, या दुहेरी खटपटीला मराठीत वाळवण म्हणतात. वाळवण्याची क्रिया आणि वाळत घातलेला माल या दोहोंना हा एकच शब्द चालतो, आणि चैत्र-वैशाखात गच्चीकडे निघालेल्या मुलांना जिन्यातच थोपवण्यासाठीही तो एकटा पुरतो. ही व्याख्या आजींना सांगणे म्हणजे सूर्यापुढे काजवा धरणे होय, हे प्रस्तुत कुटुंबाला मान्य आहे. परंतु लेस्टरमध्ये सूर्याचा भरवसा नसल्यामुळे काजव्यावरच भागवण्याची येथे सवय झालेली आहे.

या निवेदनात प्रथमपुरुषी सर्वनाम कोठेही आढळणार नाही, आणि त्याचे कारण विनय नसून पुराव्याचा अभाव हे आहे. जुलैपासून जानेवारीपर्यंत या घरात जे काही वाळले, सडले, करपले आणि वास मारू लागले, त्यातील प्रत्येक घटनेचा कर्ता कोण याविषयी कुटुंबात चार सदस्य आणि पाच मते आहेत. एखाद्याने पत्रात आपल्या नावाने चार ओळी लिहिल्या असत्या, तर उरलेल्या तिघांनी समासात टिपा जोडल्या असत्या. म्हणून सर्वानुमते असे ठरले की, ज्याप्रमाणे ग्रंथात ‘असे आढळून आले’ म्हणण्याची सोय असते आणि कोणाला आढळले हे विचारण्याची पद्धत नसते, त्याप्रमाणे हे पत्र लिहावे. अपरिहार्य तेथे सदस्यांचा उल्लेख अभियंता सदस्य, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सदस्या, कन्या आणि चिरंजीव असा केला आहे.

निवेदनाचे निमित्त आजींच्या मागील पत्रातील एका वाक्याचे आहे, ते म्हणजे ‘तिकडे वाळवण होते का, की नुसतेच फ्रीजमध्ये कोंबता?’ प्रश्नाचा उत्तरार्ध वर्मी लागला. शिवाय यामागे एक कायदेशीर अडचणही होती. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत, असा येथील नियम आहे. आता जी मिरची चिरून, मसाला भरून, ताकात भिजवून उन्हात वाळवली जाते आणि जिला सांडगी मिरची म्हणतात, ती दुधाचा पदार्थ आहे की मिरची, हा प्रश्न कुटुंबाला विमानतळावर सोडवता येण्याजोगा वाटला नाही. रसायनशास्त्राच्या सदस्यांचे म्हणणे असे पडले की ताक त्यात असतेच. अभियंता सदस्यांचे म्हणणे असे की ते वाळल्यावर ताक राहत नाही. अशा वादात अधिकाऱ्यासमोर पिशवी उघडून उभे राहण्यापेक्षा मिरची येथेच लावावी आणि येथेच वाळवावी, हा मार्ग शहाणपणाचा ठरला.

त्यासाठी लागणाऱ्या जमिनीचा खुलासा आधी करणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरामागे पुरेशी जागा नाही, त्यांना स्थानिक नगरपालिका अल्पशा वार्षिक भाड्याने भाजीपाल्यापुरता जमिनीचा तुकडा देते. या तुकड्याला अलॉटमेंट म्हणतात, आणि मागणी असेल तेथे असे तुकडे पुरवण्याची जबाबदारी १९०८ च्या एका कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. पूर्ण तुकड्याचे रूढ माप दहा रॉड असे सांगतात. रॉड ही साडेपाच यार्डांची जुनी काठी असून येथे तिचा चौरस अभिप्रेत असतो, त्यामुळे दहा रॉड म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आणि तासगावच्या भाषेत अडीच गुंठे होतात. तासगावात अडीच गुंठ्यांत गोठा, कडब्याची गंज आणि उकिरडा बसवून वर भांडणाला जागा उरत नाही; येथे मात्र तेवढ्यासाठी प्रतीक्षायादीत नाव घालून तीन वर्षे थांबावे लागले, आणि तुकडा मिळाल्याच्या दिवसापासून अभियंता सदस्य फोनवर स्वतःचा उल्लेख बागायतदार असा करू लागले, ही बाब आजींच्या कानावर आलीच असेल.

या अडीच गुंठ्यांत मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, शेंगा, एक म्हातारे सफरचंदाचे झाड आणि काचघरात मिरचीची अठरा रोपे आहेत. यांखेरीज कोर्जेट आहे. कोर्जेट हे भोपळ्याच्या कुळातील, कोवळ्या काकडीसारखे दिसणारे हिरवे फळ असून त्याच्याकडे दोन दिवस दुर्लक्ष झाल्यास ते मनगटाएवढे आणि आठवडाभर झाल्यास मांडीएवढे होते. ऑगस्टमध्ये ते सगळ्यांकडे एकदमच येते. एरवी शेजाऱ्याच्या दारात विनापरवाना पाऊल न ठेवणारे सभ्य लोक त्या महिन्यात पहाटे चार कोर्जेटे दुसऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवून मागे न पाहता निघून जातात. पहिल्या वर्षी कुटुंबाने याला शेजारधर्म मानून आभाराची चिठ्ठी पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी सहा आली.

हे अधिकाचे पीक टिकवण्याच्या इंग्रजांच्या स्वतःच्या पद्धती आहेत, आणि त्या तुच्छ मानण्याजोग्या नाहीत. ते व्हिनेगर, साखर, कांदे आणि बेदाणे घालून भाज्या तास-दोन तास शिजवतात आणि त्या गोड-आंबट पाकाला चटणी म्हणतात. हा शब्द त्यांनी भारतातूनच नेला, अर्थ मात्र बंदरावर राहिला. अलॉटमेंटवरील शेजारचे वृद्ध गृहस्थ शेंगांचे आणि मिठाचे एकाआड एक थर देऊन बरणी भरतात, जशी त्यांची आई भरत असे; ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळात घरोघरी होती, आणि त्याच काळात सफरचंदाच्या चकत्या काठीत ओवून मंद भट्टीवर वाळवण्याच्या सूचनाही सरकारकडून दिल्या जात. ती बरणी पाहून कन्येने ‘ही तर खारवलेली मिरची, फक्त मिरचीशिवाय’ असा जो अभिप्राय दिला, तो कुटुंबाच्या मते आजवरच्या तौलनिक अभ्यासातील सर्वांत नेमका होय.

वाळवण मात्र इंग्रजांच्या घरांतून जवळजवळ गेले आहे, आणि ते का गेले असावे याचा उलगडा प्रस्तुत कुटुंबाला जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. परसातील लाकडी बाकावर धुतलेले जुने धोतर पसरून मेथी वाळत घालण्यात आली. त्या दिवशी ऊन होते आणि दिवस सोळा तासांहून मोठा होता. तासगावच्या हिशेबाने दुपारपर्यंत पाला चुरायला हवा होता. संध्याकाळी तो मऊ होता, दुसऱ्या सकाळी दंवाने भिजलेला होता, आणि तिसऱ्या दिवशी तो कशाचा पाला आहे हे वासावरून सांगता येत नव्हते. दिवसा जे कमवावे ते रात्री परत करावे, असा हा व्यवहार होता. याविषयी पुस्तके चाळता अमेरिकेतील गृहोपयोगी मार्गदर्शकांत असा दंडक आढळला की, उन्हात फळे वाळवायची तर हवेचे तापमान किमान ३० अंश सेल्सियस आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी. लेस्टरच्या जुलैतील दुपारचे सरासरी कमाल तापमान २२ अंशांच्या आसपास असते.

येथे आजींच्या मनातील एक गैरसमज नम्रपणे दूर करणे भाग आहे. इंग्लंडमध्ये पाऊस फार पडतो, असे त्या मानतात आणि नातवंडांना स्वेटर विणून पाठवतात. वस्तुस्थिती अशी की लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पुण्यात ७०० मिलिमीटरच्या वर पडतो. फरक वाटणीचा आहे. पुण्याचा पाऊस चार महिन्यांत हिशेब चुकता करून निघून जातो आणि माणसाला पापडांसाठी आठ महिने मोकळे ठेवतो. इथला पाऊस त्याहून थोडके भांडवल घेऊन बारा महिने दारात बसतो. बेगमी हा शब्द, म्हणजे पावसाळ्यापुरता साठा आधीच करून ठेवणे, त्यामुळे येथे निरर्थक होतो, कारण पावसाळा कधी सुरू होतो हे सांगता येत नाही आणि संपतो असे कोणी म्हणत नाही.

परंतु दोष केवळ उन्हाकडे देणे शास्त्राला धरून नाही, आणि हे कुटुंबाच्या लक्षात तासगावमुळेच आले. तासगावचा बेदाणा उन्हात वाळत नाही. द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे सालीवरील मेणाचा थर सैल होऊन आतल्या पाण्याला वाट मिळते. मग ते घड शेडमध्ये जाळ्यांच्या मजल्यांवर पसरतात, आणि तेथे डोक्यावर छप्पर असताना, सावलीत, पंधरवड्याच्या आत-बाहेर चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. ज्या घराच्या पाठीमागे अशी शेड आहे त्या घरातील माणसांनी लेस्टरला येऊन ऊन नाही म्हणून रडावे, यात काहीतरी विसंगत होते. काम करते ती कोरडी, हलती हवा; ऊन हे तिचे एक साधन. चार-सहा हजार मैलांवर आल्याशिवाय आपल्याच परसातील गोष्ट समजत नाही, हा अनुभव परदेशस्थ मराठी माणसाला नवा नसला तरी दर वेळी तितकाच लाजवतो.

हवेचा हिशेब थोडक्यात असा आहे. १० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर ९ ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम मावते. म्हणजे इंग्लंडची थंड, ओलसर, चिडचिड करायला लावणारी हवा नुसती १० वरून ४० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण ते सामावण्याची तिची क्षमता पाचपट होते, आणि मग ती समोर येईल त्या वस्तूतील पाणी पिऊ लागते. केंट परगण्यातील शेतकऱ्यांना हे शतकानुशतके ठाऊक होते. बिअरला कडवटपणा देणारी हॉप नावाची फुले वाळवण्यासाठी त्यांनी ओस्ट हाउस नावाच्या खास इमारती बांधल्या: खाली भट्टी, वर फटी असलेली जमीन, तिच्यावर घोड्याच्या केसांचे कापड, कापडावर फुले, आणि शेंड्याला पांढरी टोपी, जी वाऱ्याकडे पाठ करून फिरते आणि ओल बाहेर सोडते. वाळवणासाठी अख्खी इमारत बांधणाऱ्या या लोकांविषयी आजींना आदर वाटेल; त्या इमारतींपैकी पुष्कळ आता राहती घरे झाली आहेत आणि त्यांत कोणी काही वाळवत नाही, हे कळल्यावर तो कमी होईल.

ओस्ट हाउस बांधण्यास घरातील खर्चाचा अंदाज अनुकूल नसल्यामुळे कुटुंबाने तापलेल्या हवेचा शोध घरातच घेतला, आणि येथून या निवेदनाचा अप्रिय भाग सुरू होतो. पुष्कळ इंग्रजी घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट बांधलेले असते, ज्यात धुतलेले कपडे आणि टॉवेल उबेत ठेवतात. त्या कपाटात वरच्या फळीवर मेथी आणि खालच्या फळीवर चिरलेल्या मिरच्या ठेवण्यात आल्या, आणि वास घरभर होऊ नये म्हणून दार घट्ट लावण्यात आले. दार कोणी लावले, हे अनिर्णित आहे. हवा तापली खरी, पण बाहेर जाण्यास वाट नसल्याने मिरचीने सोडलेले पाणी तिने एकदा पोटभर पिऊन घेतले आणि पुढे नकार दिला; चौथ्या दिवशी मिरचीच्या देठांवर राखाडी लव आली. बुरशी धरलेली मिरची पुसून, धुऊन किंवा तळून निर्धोक होत नाही, कारण काही बुरशी अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात आणि ते कढईच्या आचेला दाद देत नाही. तेव्हा सारा माल टाकून देण्यात आला. तो टाकताना चिरंजीवांनी शोकसभेत करतात तसे एक मिनिट मौन पाळले.

मेथी मात्र वाळली, आणि तो अधिक मोठा अनर्थ ठरला. मेथीच्या वासाचे मुख्य कारण सोटोलोन नावाचे एक रसायन असून ते इतक्या अल्प प्रमाणात नाकाला कळते, आणि कापडात इतके मुरते, की त्या कपाटातील गणवेश घालून शाळेत गेलेल्या कन्येला मैत्रिणींनी सकाळच्या न्याहारीला मेपलचा पाक खाल्लास का असे विचारले. कॅनडा-अमेरिकेत धिरड्यांवर घेतात तो हा पाक, आणि त्याच्या कृत्रिम स्वादात मेथीचा अर्क वापरला जातो, ही गोष्ट घरात कोणास ठाऊक नव्हती. या बाबतीत न्यूयॉर्क शहराचा अनुभव सांत्वन देणारा आहे: २००५ पासून त्या शहरात अधूनमधून मेपलच्या पाकाचा गूढ वास पसरे आणि लोक घाबरून सरकारी दूरध्वनी वाजवत, अखेर २००९ मध्ये महापौरांनी जाहीर केले की नदीपलीकडील न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होते, त्याचा तो वास आहे. चार वर्षे एका महानगराला जे उमगले नाही, ते आजींनी पहिल्याच झुळकेला ओळखले असते, याविषयी कुटुंबात प्रथमच एकमत झाले.

यानंतर वाळवणयंत्र विकत घेण्यात आले. ते म्हणजे जाळीच्या सहा ताटांचा एक पेटारा असून त्याच्या पाठीमागे तापतार आणि पंखा असतो. तापतार हवा तापवते, पंखा ती ताटांवरून फिरवतो आणि ओल मागून बाहेर पडते, म्हणजे केंटची इमारत फळीवर मावेल एवढी करून दिलेली आहे. यात पालेभाजी ४० अंशांच्या आसपास आणि फळे-भाज्या ५७ अंशांच्या आसपास ठेवाव्यात असे पुस्तिकेत सांगितले आहे. अर्धा किलो निवडलेल्या मेथीचा सुमारे ७० ग्रॅम हिरवागार, चुरचुरीत पाला झाला, आणि तो बाजारातील कसुरी मेथीपेक्षा सरस होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. कसुरी हे नाव कसूर गावावरून पडले, जे आता पाकिस्तानच्या पंजाबात आहे. त्याच न्यायाने या पाल्याला लेस्टरी मेथी म्हणावे असा ठराव अभियंता सदस्यांनी मांडला आणि तो अनुमोदनाअभावी पडला. यंत्र ५०० वॉटचे आहे, ते बारा तास चालले म्हणजे जास्तीत जास्त सहा युनिटे वीज खर्च होते, आणि तेवढ्या पैशांत बेलग्रेव्ह रोडवरील गुजराती दुकानात मेथीची पाकिटे मिळतात, हा हिशेब आजींनी विचारू नये.

यंत्राच्या मर्यादा कोर्जेटाने दाखवल्या. या फळात ९५ टक्के पाणी असते. दहा किलो कोर्जेट १० टक्के ओलीपर्यंत वाळवले तर हाती साडेपाचशे ग्रॅम माल येतो, आणि जवळजवळ साडेनऊ किलो पाणी विजेच्या पैशाने आकाशात पाठवले जाते. तरीही आजींच्या कोहळ्याच्या सांडग्यांच्या धर्तीवर कोर्जेट किसून, भिजवलेली उडदाची डाळ, हिंग आणि मिरची वाटून घालून सांडगे घालण्यात आले. येथे वेळ वाचवण्यासाठी तापमान एकदम ७० अंशांवर नेण्यात आले, आणि हे कोणी केले याविषयी वाद नाही, कारण अभियंता सदस्यांनी त्याची नोंद वहीत स्वहस्ते करून ठेवली आहे. परिणाम असा झाला की सांडग्याची वरची बाजू आधी वाळून तिचे कवच झाले आणि आतले पाणी आतच कोंडले गेले. इंग्रजी ग्रंथांत या दोषाला कवच कडक होणे अशा अर्थाचे नाव आहे. आजींच्या शब्दांत त्याला ‘वरून खडखडीत, आतून कच्चे’ म्हणतात, आणि त्या तो माणसांनाही लावतात. सांडगे बरणीत चार दिवस शोभले, पाचव्या दिवशी हिरवे झाले.

वस्तू किती वाळली म्हणजे वाळली, याचे मापही या प्रसंगाने शिकवले. शास्त्र एकूण पाण्याकडे न पाहता मोकळ्या पाण्याकडे, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या हाती लागेल एवढ्याच पाण्याकडे पाहते, आणि त्याला जलक्रियाशीलता म्हणते. शुद्ध पाण्याची ती १ धरली तर बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, आणि ०.६ च्या खाली बुरशीसह कोणीच वाढत नाही. मीठ आणि साखर पाणी धरून ठेवतात, म्हणून खारवलेली किंवा पाकवलेली वस्तू थोडी ओली असूनही टिकते. हे मोजण्याचे उपकरण महाग असते. आजी ते काम अंगठा आणि तर्जनी यांवर भागवतात: शेंग वाकली तर आणखी ऊन, कट्कन मोडली तर डबा. पुस्तकात असेही आहे की वाळलेला माल बरणीत सैल भरून आठवडा-दहा दिवस रोज हलवावा, म्हणजे एखाद्या तुकड्यात राहिलेली ओल सर्वांत सारखी वाटली जाते, आणि काचेवर थेंब दिसले तर माल पुन्हा वाळवावा. आजी आठ दिवसांनी डबे उघडून ‘दुसरे ऊन दाखवतात’, ते हेच. त्यांनी हे कोणत्या पुस्तकात वाचले, अशी पृच्छा कन्येने केली आहे.

खरा शोध लागला तो कार्तिकात, आणि तो चुकून लागला. येथील घरांत खिडक्यांखाली गरम पाणी फिरणारी लोखंडी उपकरणे असतात, त्यांना रेडिएटर म्हणतात. ती कधी सुरू करायची यावरून ऑक्टोबरभर प्रत्येक इंग्रजी घरात जो संघर्ष चालतो, तो या घरातही चालला आणि पहिल्या गोठवणीच्या रात्री संपला. त्याच रात्री काचघरातून घाईने तोडून आणलेल्या लाल मिरच्या जागा नाही म्हणून दोऱ्यात ओवून बैठकीच्या खोलीतील रेडिएटरवर टांगल्या गेल्या. नऊ दिवसांनी त्या खुळखुळ वाजू लागल्या. कारण वर दिलेल्या हिशेबातच आहे: बाहेरची ४ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन २० अंशांना पोचली की तिची आर्द्रता एकतीस टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि तापलेल्या रेडिएटरवर ती त्याहून कितीतरी खाली जाते, अंघोळी, कुकरच्या शिट्ट्या आणि चर्चा यांनी तिच्यात पुन्हा थोडी ओल भरते, एवढेच. म्हणजे ज्या देशात जुलैत मेथी कुजते त्या देशात कार्तिक ते माघ हा वाळवणाचा उत्तम हंगाम आहे, आणि तो बंद खिडक्यांआड आहे. दिवाळीच्या फराळाला आलेल्या मंडळींनी ती माळ पाहून घराला कोणाची दृष्ट लागली असे हळूच विचारले; तिच्यात लिंबू नसल्याचे दाखवून त्यांचे शंकानिरसन करण्यात आले.

राखणीचा प्रश्नही घरात आल्यामुळे सुटला. परसात असताना खारी आणि कबुतरे वाळवणावर येत. करड्या रंगाची ही खार इंग्लंडची नव्हे. ती अमेरिकेतून आणली गेली आणि १८७६ साली येथे प्रथम मोकळी सोडली गेली, म्हणजे तीही परदेशस्थच. मिरचीची आग सस्तन प्राण्यांना लागते, पक्ष्यांना लागत नाही. त्यामुळे खार एक मिरची चावून कायमची गेली, आणि कबुतरे जेवून रोज येत राहिली. तासगावात हे काम एक काठी, एक खुर्ची आणि आजी यांनी होते. वाळवणयंत्रात यांपैकी काहीच नाही, आणि म्हणूनच त्याच्यात वाळलेल्या मालाकडे कोणी जाता-येता हात फिरवून पाहत नाही, असे रसायनशास्त्राच्या सदस्यांचे निरीक्षण आहे. रेडिएटरवरच्या माळेला मात्र जो तो बोट लावून जातो.

सांडगी मिरचीची स्थिती सांगून हे निवेदन आटोपते घ्यायला हवे. तासगावात ती रात्री ताकात भिजते आणि दिवसा वाळते. येथे रेडिएटर पहाटे थोडा वेळ आणि सायंकाळपासून निजेपर्यंत चालतात, म्हणून ती दिवसा फ्रीजमध्ये ताकात पडून राहते आणि संध्याकाळी वाळायला येते, कामावरून आल्यासारखी. सहा दिवसांनी ती पांढरट पडून वाळली. तिची पहिली खेप तेलात पडताच धुराचा इशारा देणारी घंटा घरभर वाजू लागली, आणि शेजारचे गृहस्थ पादत्राणांशिवाय बाहेर आले. याही बाबतीत कुटुंब एकटे नाही: ऑक्टोबर २००७ मध्ये लंडनच्या सोहो भागात एका थाई उपाहारगृहात सुक्या मिरच्या भाजल्या जात असताना रस्त्यावर असा ठसका उठला की विषारी वायूच्या संशयाने रस्ता बंद झाला आणि अग्निशामक दलाने दार फोडून आतून मिरचीचे भांडे बाहेर आणले. शेजारच्या गृहस्थांना दहीभात आणि दोन मिरच्या देण्यात आल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी भांडे परत केले, आणि प्रथमच त्यात कोर्जेट नव्हते.

तरीही चव तीच नाही, ही कबुली द्यावी लागते. मिरची खारट झाली आहे, आणि दोष मापाचा आहे. आजींच्या पत्रातील कृतीत एक किलो मिरचीला ‘दोन मुठी मीठ’ असे आहे. मूठ हे माप प्रमाणित करण्यासाठी स्वयंपाकघरातील काट्यावर प्रयोग केला असता अभियंता सदस्यांची मूठ ६८ ग्रॅम, रसायनशास्त्राच्या सदस्यांची ४६ ग्रॅम आणि कन्येची ३१ ग्रॅम भरली; चिरंजीवांची मूठ काट्यापर्यंत पोचेतो रिकामी होत असल्याने तिची नोंद होऊ शकली नाही. शिवाय येथील मीठ पिठासारखे बारीक आणि तासगावचे खडे मीठ जाडे, त्यामुळे एकाच मुठीत दोन्हींचे वजन सारखे येत नाही. सबब आजींनी उजव्या हाताची, नेहमीच्या सैलपणाने भरलेली, खड्या मिठाची एक मूठ तीन वेळा तोलावी आणि तिन्ही आकडे उलट टपाली कळवावेत, ही या कुटुंबाची कळकळीची विनंती आहे. धाकट्यांना अनेक आशीर्वाद. कळावे, लोभाची वृद्धी व्हावी.

ता. क. : काटा घरात नसल्यास कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातला चालेल, मूठ मात्र आजींचीच असावी, दुकानदाराची नको.